होडीतली मागची जागा

भिंगकाकांना बोलावलं आणि ते आले, असं गल्लीत कधी घडलं नाही. कुणीतरी आलं नाही म्हणून मात्र ते हमखास आले. पत्त्यांना चौथा कमी पडला, लग्नाच्या गाडीत सामानाशेजारी एक जागा उरली, नाटकाचं एखादं तिकीट फुकट जायला लागलं, की मग कुणीतरी त्यांना हाक मारायचं आणि ते चपला सरकवत यायचे. पत्त्यांचा खरा चौथा उशिरा उगवलाच, तर आपली पानं त्याच्या हातात ठेवून मुकाट उठायचे. पानं चांगली आलेली असली तरी उठायचे.

त्यांचं काम चष्म्याच्या काचा घासण्याचं. गावातलं दुकान बंद पडल्यापासून ते दूरच्या शहरात एका कारखान्यात लागले होते. शनिवारी दुपारी बसने घरी यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत जायचं, असा वर्षानुवर्षांचा क्रम. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार धरायची, काच हळूहळू फिरवत फ्रेमच्या मापाची करायची, मग कडेवरून बोट फिरवून पाहायचं. सतत पाण्यात राहून त्यांची बोटं पांढुरकी झाली होती. काचेवर केसाएवढा चरा दिसला, तरी ते ती काच गिऱ्हाइकापर्यंत जाऊ देत नसत. फोरमन ओरडायचा, "अहो, चालली असती की! कोण बघतंय?" पण काका ती काच आधीच बाजूच्या खोक्यात टाकून मोकळे झालेले असायचे. कुणी खोट दाखवण्याच्या आत आपणच ती काढून टाकायची, ही हाताला लागलेली सवय. ती हातापुरती राहिली असती तर बरं झालं असतं.

मुलीच्या पदवीच्या समारंभाचंच बघा ना. ठमीने आईबापांसाठी पुढच्या रांगेतल्या दोन जागा मिळवल्या होत्या. तेवढ्यात ठमीचा मामा आगंतुकासारखा उगवला. काकांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात सगळ्यांच्या छत्र्या सांभाळत उभे राहिले. ठमीने स्टेजवर प्रमाणपत्र घेतलं, वळून पाहिलं, तर बाबांच्या जागी मामा टाळ्या वाजवतोय. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "छत्र्या सुखरूप आहेत ना?"

ही ठमी आता मोठी झाली होती. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती आणि पुढच्या महिन्यात परदेशी निघाली होती. तिकडे तशीच नोकरी, मोठी प्रयोगशाळा. जाणार म्हणजे जाणारच; दोन-तीन वर्षं तरी परत येणं नाही. काकांनी ही बातमी फोनवर ऐकली तेव्हा "वा, वा" म्हणाले होते. नंतर त्या दिवशी त्यांच्या हातून दोन काचा फुटल्या.

त्या शनिवारी काका घरी आले तर बैठकीत ठमीची मैत्रीण पाय टेबलावर टाकून बसलेली. घोट्याला हे एवढं बँडेज. ही मुलगी दातांची डॉक्टर, म्हणून सगळे तिला 'कवळी' म्हणत. शेजारी लांबू. हा प्रयोगशाळेतला ठमीचा सोबती. दारातून वाकून यावं लागे इतका उंच.

"बाबा, वाट लागली," ठमी म्हणाली. "उद्या आमची शर्यत आहे, आणि हिचा पाय मुरगळला."

"कसली शर्यत?"

"डोंगराची. तिघांची टीम. आधी सायकल, मग नकाशा बघत टेकडी चढायची, मग होडीतून तलाव ओलांडायचा आणि शेवटी मैदानापर्यंत पळायचं. तिघांनी सगळीकडे एकत्रच पोचायचं. एक जरी कमी असला तरी टीम बाद."

"अरेरे," काका म्हणाले. "मग आता?"

तिघेही त्यांच्याकडे बघत राहिले. काकांनी मागे वळून पाहिलं, तर मागे भिंत.

"छे छे! मी? अगं, माझं वय काय..."

"काका, सायकल तर तुम्ही तिकडे रोजच मारता ना कारखान्यात जायला," लांबू म्हणाला.

"आणि दुसरं कुणी मिळत नाहीये," कवळी घोटा चोळत म्हणाली. "फीसुद्धा फुकट जाणार."

स्वयंपाकघरातून ठमीची आई ओली भांडी पुसत आली. "जा हो. नाहीतरी इथे राहून काय करणार? पंख्याची पाती पुसाल आणि मग पुसलीत म्हणून मला चारदा सांगाल."

कुणीच मिळत नाहीये आणि फुकट जातंय, हे शब्द कानावर पडले की काकांचं पाऊल आपोआप पुढे पडे. त्यांनी मान डोलावली. ठमीने लगेच आतून बुटांचा नवा जोड आणला, टीमचा निळा शर्ट आणला. बूट त्यांच्याच मापाचे. "दुकानात सवलत होती," ती घाईने म्हणाली. शर्टही अंगासरसा बसला. कवळी चणीने एवढीशी. तिच्यासाठी घेतलेला शर्ट काकांना कसा बसला, हे दुसऱ्या कुणाच्याही ध्यानात आलं असतं. काका आरशात पोट आत घेण्यात गुंतले होते.

सकाळी उजाडता उजाडता शाळेच्या मैदानातून शर्यत सुटली. कालव्याच्या कडेने सायकलींची रांग लागली. काका सायकलवर तयारीचे. ठमी पुढे, ते मध्ये, लांबू मागे. हवेत गारवा होता, पाण्यावरून वाफ निघत होती. एका वळणावर त्यांनी दुसऱ्या एका टीमला मागे टाकलं, तेव्हा ठमीने वळून आरोळी ठोकली, "बाबा, वाघ आहेस तू!" काकांना हसू लपवता येईना. आपण कुणाला मागे टाकलंय ही गोष्ट त्यांना इतकी नवी होती की त्यांनी मागे वळून त्या लोकांना "माफ करा हं" म्हटलं. लांबू हसून हसून सायकलवरून पडायचा बाकी राहिला.

टेकडीने मात्र काकांचं पाणी जोखलं. वाट खड्या चढाची, खडी सुटी. नव्या बुटाने टाच चावायला सुरुवात केली. धाप लागली की ते थांबायचे आणि दृश्य बघतोय असं दाखवायचे. मागे टाकलेली टीम त्यांना ओलांडून पुढे गेली. मग आणखी एक गेली. मग म्हाताऱ्या वाटणाऱ्या तीन बायका आपसात गप्पा मारत, धाप न लागता निघून गेल्या.

"बघा, दृश्य छान आहे," काका म्हणाले.

"मगाचपासून तेच झुडूप आहे, बाबा."

ठमी थांबायची, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची. थोडं पुढे जाऊन पुन्हा नाडी. नकाशा उघडायची, उलटा करायची, सुलटा करायची. वाट तर समोर एकच होती. लांबू घड्याळ बघायचा आणि काकांनी पाहिलं की मनगट पाठीमागे घ्यायचा. काचेवरचा केसाएवढा चरा टिपणारे काका. हे सगळं त्यांना लख्ख दिसत होतं. पोरगी आपल्यासाठी रेंगाळतेय. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून नाड्या बांधतेय. दुपारच्या आत मैदानात पोचलं नाही, तर तिघांनाही पदक नाही. शेवटची शर्यत तिची इथली, आणि आपण तिच्या पायात धोंडा.

वर माथ्यावर वारा होता. खाली तलाव पसरलेला, त्यावर रंगीत होड्या रेंगाळताना दिसत होत्या. ठमी त्यांच्याजवळ दगडावर टेकली. पाण्याची बाटली पुढे केली.

"होडीत आपण दोघं हं, बाबा. एक होडी दोघांची, एक एकट्याची. लांबू एकटा जाईल. तू मागे बसायचं, मी पुढे."

"मला वल्हवता कुठे येतं?"

"मी शिकवीन. घाई नाही. तिकडे तलावाच्या मध्यावर गेलं ना, की काठावरचा एकही आवाज येत नाही. एकदम शांत असतं."

"आणि वेळेचं काय?"

"बघू की," ती म्हणाली.

काकांनी ते 'बघू की' मनात उलटसुलट केलं. त्यांना त्यात फक्त दया सापडली.

उतार संपला तिथे तलावाचा धक्का होता आणि अर्ध्या वाटेची चौकी. एक मांडव, एक टेबल, गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ. प्रत्येक टीमच्या माणसांच्या मनगटावर एक पट्टी बांधलेली असायची. ती पाहून ते नोंद करत. या चौकीपुरता एक नियम होता: टीमने नाव दिलेला राखीव भिडू इथे, आणि फक्त इथेच, कुणाच्याही बदली उतरू शकत होता. मांडवाशेजारी कवळी केळ्यांची पिशवी घेऊन उभी होती. राखीव म्हणून तिचंच नाव दिलेलं. बँडेज होतंच, पण ती दोन्ही पायांवर नीट उभी होती. हेही काकांनी टिपलं.

"मी लाइफ जॅकेटं आणते," म्हणत ठमी धक्क्याच्या टोकाकडे गेली. लांबू होडी ओढायला गेला.

काका कवळीजवळ गेले. "पाय कसा आहे गं?"

"बरा आहे, काका. म्हणजे... दुखतोय."

"होडीत पायाचं काय काम? आणि पुढचं पळणं सपाटीवरचं आहे. तू जा."

"अहो नाही, काका! तुम्ही इतकं छान..."

"छान कसलं! माझ्यामुळे पोरांचं पदक जायचं. चल, वेळ नाही."

"काका, थांबा, ठमीला विचारू तरी."

"ती नाहीच म्हणणार. म्हणून तर आत्ता." काकांच्या अंगात भलतीच चपळाई आली. टेकडीवर जी नव्हती ती इथे कुठून आली कोण जाणे. शिट्टीवाल्यांसमोर मनगट धरून ते म्हणाले, "साहेब, माझ्या जागी ही."

"नक्की?" शिट्टीवाले म्हणाले. "एकदा पट्टी कापली की परत बांधता येत नाही."

कवळी गोंधळून धक्क्याकडे बघत होती. मागे दुसरी टीम येऊन उभी राहिली होती. त्यांचा खोळंबा होत होता.

"नक्की, नक्की. कापा."

कात्रीचा आवाज झाला. कवळीच्या मनगटावर नवी पट्टी बांधली गेली.

ठमी परत आली तेव्हा तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक जॅकेट होतं. एक नेहमीचं, एक मोठ्या मापाचं. तिने बाबांचं उघडं मनगट पाहिलं. मग कवळीचं.

"बाबा?"

"अगं, आता बघ कसे वाऱ्यासारखे जाल! मी पायात नाही आता." काका हसले. त्यांना खरोखरच हलकं वाटत होतं.

ठमीने शिट्टीवाल्यांना विचारलं, "परत बदलता येईल का?"

"नाही, बाळ. नियम आहे."

तिने मोठं जॅकेट खांद्यावरून काढलं, नीट घडी घालून टेबलावर ठेवलं. जॅकेटची घडी होत नाही, तरी तिने ती घातली. "बरं," ती म्हणाली. "कवळे, चल."

आणि त्या दोघी धक्क्याच्या पायऱ्यांवरून पळत सुटल्या. ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या. कवळी दोन-दोन एकदम उतरत होती. हरणासारखी. मुरगळलेल्या पायाचं माणूस असं उतरत नाही. मुरगळून बरा झालेलाही असा उतरत नाही. सुटलेलं बँडेज तिच्या मागे फरफटत आलं, तिने ते वाकून ओढून काढलं, पाण्यात फेकलं आणि होडीत उडी मारली.

काकांच्या हातात केळ्यांची पिशवी होती. ते बँडेज तरंगताना बघत राहिले. मग अंगातला शर्ट त्यांना दिसला. पायातले बूट दिसले. एकेक गोष्ट भिंगाखाली आल्यासारखी मोठी होत गेली. सरळ बोलावलं असतं तर आपण "मी कशाला, तुम्ही पोरं जा" म्हणालो असतो. हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने एक जागा रिकामी करून ठेवली होती.

"ठमे!" ते ओरडले. होडी बरीच आत गेली होती. पुढे ठमी, मागे कवळी. ठमीने वल्हं थांबवलं नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसावं.

शिट्टीवाल्यांनी त्यांना खुर्ची दिली, थर्मासमधला चहा दिला. "शहाणपणा केलात हो. आपल्या वयाची माणसं उगाच हट्टाला पेटतात. तुम्ही वेळीच ओळखलंत."

"हो," काका म्हणाले. चहाचा कप त्यांनी टेबलावर जॅकेटशेजारी ठेवून दिला.

आयोजकांच्या टेम्पोतून ते मैदानावर पोचले. टीम वेळेत आली, चांगला वेळ राखून आली. पदकं गळ्यात पडली. लांबू त्यांच्याकडे आला, काहीतरी बोलावं म्हणून, आणि "काका, केळी आहेत का?" एवढंच विचारून गेला. कवळीला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. फोटोची वेळ आली तेव्हा ठमी म्हणाली, "बाबा, ये ना." पण तोवर काकांनी कुणाचातरी फोन हातात घेऊन तिघांना नीट उभं करायला सुरुवात केली होती. हात आपले आपणच पुढे गेले. कळलं तेव्हा फोटो काढून झाला होता.

घरी ठमी अंघोळीला गेली तशी तिची आई त्यांच्यासमोर येऊन बसली.

"शर्यत मधेच सोडलीत?"

"पोरांचा वेळ जात होता गं."

"महिनाभर खलबतं चालली होती इथे तिघांची. बाबांना कसं आणायचं, काय थाप मारायची. ती कवळी तर आरशासमोर लंगडून बघायची. मी म्हटलं, अगं सरळ विचार. तर म्हणाली, आई, सरळ विचारलं तर बाबा दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवतील."

काका मोजा काढत होते. टाचेचा फोड फुटून मोजा चिकटला होता. "मला काय माहीत," ते म्हणाले.

"तेच तर," ती म्हणाली आणि कोमट पाणी आणायला उठली.

संध्याकाळी ठमी त्यांना स्कूटरवरून बसस्थानकावर सोडायला आली. स्थानकाच्या बाकावर बसल्यावर काकांनी बऱ्याच प्रयत्नाने विचारलं, "होडीत तुला काही बोलायचं होतं का गं?"

ठमीने मान हलवली.

"ठरवून असं काही नाही रे. नुसतं बसायचं होतं. तू आठवड्याने येतोस, आलास की नळ दुरुस्त करतोस, पंखे पुसतोस. मी समोर आले की उठून मला खुर्ची देतोस. म्हटलं, होडीत तरी तुला उठता येणार नाही."

हे ती हसत म्हणाली. काकाही हसले. दोघांचंही हसू लवकर संपलं.

"मला वाटलं, तुमचं पदक जाईल."

"जाऊ दे ना मग! पदकाचं काय करणार आहे मी? सामानात वजन नुसतं." तिने त्यांच्या पांढुरक्या बोटांना हात लावला. "आज राहा, बाबा. उद्या पहाटेच्या बसने जा. फोरमनला फोन कर."

बस येऊन लागली होती. राहावं. एकच रात्र. काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सोमवारी पहिल्या पाळीला चाक त्यांनीच चालू करायचं असे. ते नसले तर पोरं खोळंबतील, फोरमन नाराज होईल, तिकीटही काढून झालेलं. काका बसच्या दाराशी आले; मागे एक बाई मोठी पेटी घेऊन उभी होती. "काका, चढताय की मी जाऊ पुढे?" ती म्हणाली. कंडक्टर दाराशी ओरडला, "चला, आटपा, गाडी सुटते!"

"माझ्यामुळे उगीच सगळ्यांना..." काका पुटपुटले आणि चढले.

खिडकीशी जागा मिळाली. चौकट गंजून काच अडकलेली, सरकेना. आणि गाडी सुटेना. ड्रायव्हर खाली उतरला, चहाच्या टपरीवर गेला, तिथे त्याला कुणी ओळखीचं भेटलं. कंडक्टरही गेला. प्रवासी कुरकुरायला लागले, मग गप्प झाले. मधल्या वाटेत पेट्या, गाठोडी, झोपलेलं एक पोर. खाली उतरायचं तर सगळ्यांना उठवावं लागलं असतं. काकांनी दोनदा गुडघ्यांवर जोर दिला आणि दोनदा परत टेकले.

ठमी स्कूटरला टेकून उभी होती. ती जात नव्हती. ड्रायव्हर येत नव्हता. अंधारून आलं, स्थानकाचे दिवे लागले. तिने हाताने विचारलं, टाच कशी आहे?

काचेआडून काकांनीही हातानेच सांगितलं, बरी आहे.